‘आता या वयात काय?’ : ज्येष्ठांचं मन आणि मानसतज्ज्ञांची नजर



ज्येष्ठांच्या मानसिक आरोग्यावर व्याख्यान म्हटलं की त्याचा एक साचा ठरलेला असतो. आम्ही मानसतज्ज्ञ मंडळी इथे उभे राहतो आणि समोर बसलेल्या ज्येष्ठांना चार गोष्टी सांगतो. सकाळी फिरायला जा, छंद जोपासा, मुला-सुनांकडून अपेक्षा कमी ठेवा, आनंदी राहा. टाळ्या होतात, चहा होतो, सगळे घरी जातात.

आज ते करायचं नाही. आज आम्ही आमच्याबद्दलच बोलणार आहोत. म्हातारपणाविषयी आम्हा मानसतज्ज्ञांच्या डोक्यात काय असतं आणि त्याचा आमच्याकडे येणाऱ्या ज्येष्ठ माणसाच्या उपचारावर काय परिणाम होतो, हा आजचा विषय आहे. विषय थोडा अडचणीचा आहे, कारण त्यात आमच्या चुका येतात. म्हणून सुरुवात एका चुकीपासूनच करू.

एक गृहस्थ आणि आमची एक चूक

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय त्र्याहत्तर. टपाल खात्यातून निवृत्त. पत्नी जाऊन दोन वर्षं झालेली. मुलगा आणि सून घेऊन आले होते. तक्रारी अशा : झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, छातीत धडधडतं, हल्ली विसरतात. आम्ही पाऊण तास बोललो. नंतर हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ आम्ही मुलाशी बोलत होतो. ते गृहस्थ शेजारी बसलेले, आणि आम्ही मुलाला विचारतोय, ‘जेवतात का नीट? रात्री किती वेळा उठतात?’ जणू ते खोलीत नव्हतेच.

मुलगा मध्येच कौतुकाने म्हणाला, ‘बाबांचं एक बरं आहे. गेल्या महिन्यात त्यांनी सगळे कागद लावून ठेवले. बँकेत नॉमिनी केला, घराची फाइल माझ्याकडे दिली, स्वतःचं घड्याळसुद्धा नातवाला देऊन टाकलं.’ आम्ही म्हणालो, ‘छान. असं नियोजन सगळ्यांनी करायला हवं.’

कागदावर आम्ही लिहिलं : वयानुसार विसराळूपणा, झोपेची तक्रार. सल्ला दिला : फिरायला जा, जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घाला.

आता याच प्रसंगात फक्त वय बदलून बघा. पस्तिशीतला माणूस आहे. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. झोप नाही, जेवण कमी झालंय, लक्ष लागत नाही. आणि गेल्या महिन्यात त्याने अचानक सगळे कागदपत्र नीट लावले, आवडतं घड्याळ कुणाला तरी देऊन टाकलं. आम्ही ‘छान’ म्हणालो असतो का? आमच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. तो सांगेल की हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो जगण्याच्या इच्छेबद्दल. आम्ही तो विचारला नाही. ज्ञान होतं, अनुभव होता. पण समोर त्र्याहत्तर वर्षांचा माणूस होता, आणि त्या आकड्याने आमचे कान बंद केले.

ते गृहस्थ पुढे वाचले, हे आधीच सांगून टाकतो. ते कसं, ते शेवटी बघू.

ही नजर येते कुठून?

आपल्याकडे एक म्हण सगळ्यांना पाठ आहे : साठी बुद्धी नाठी. याच समाजात आपण षष्ठ्यब्दीपूर्ती करतो, सहस्रचंद्रदर्शन करतो, म्हाताऱ्या माणसाला ओवाळतो. मान भरपूर देतो, पण त्याचं म्हणणं गंभीरपणे घेतोच असं नाही. ‘त्यांचं काय मनावर घ्यायचं, वय झालंय’ हे वाक्य मान आणि दुर्लक्ष दोन्ही एकाच वेळी करतं. आम्ही मानसतज्ज्ञ याच घरांतून आलो. पदवी घेतल्याने घरातलं ऐकलेलं पुसलं जात नाही.

पण दोष फक्त म्हणीला देऊन चालणार नाही. आमच्या शास्त्राच्या पायातच हा विचार आहे.

१९०४ च्या डिसेंबरमध्ये व्हिएन्नामध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी डॉक्टरांसमोर मानसोपचारावर व्याख्यान दिलं. ते १९०५ मध्ये छापून आलं. मनोविश्लेषणाचा उपचार कोणाला लागू पडणार नाही, हे सांगताना त्यांनी वयाचा मुद्दा काढला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की पन्नाशीच्या आसपास किंवा त्यापुढे मनाची ती लवचिकता सहसा उरत नाही, जिच्यावर उपचार अवलंबून असतो. शिवाय इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं उकरायचं, तर उपचार कधी संपायचाच नाही.

फ्रॉइड त्या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे आणखी दोन वर्षांनी ते स्वतःच्याच नियमाने बाद होणार होते. प्रत्यक्षात त्यांनी त्यानंतर तीन दशकं लिहिलं, आणि आधीच्या आपल्या कल्पना दुरुस्तही केल्या. १९२३ साली, म्हणजे सदुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी मनाच्या रचनेची मांडणीच नव्याने केली. इड, ईगो आणि सुपरईगो हे जे आपण कॉलेजात शिकतो, ते त्यातलं. लवचिकता संपल्याची ही लक्षणं नव्हेत.

त्यांचेच सहकारी कार्ल अब्राहम यांनी १९१९ मध्ये उलट अनुभव मांडला. मोठ्या वयाच्या काही रुग्णांना उपचाराचा चांगला उपयोग झाला, असं त्यांनी लिहिलं. रुग्णाच्या वयापेक्षा आजार किती जुना आहे हे जास्त महत्त्वाचं, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा साधा आणि पटण्यासारखा. पण शिष्याचं म्हणणं मागे पडलं आणि गुरूचं वाक्य पुढची अनेक दशकं चालत राहिलं.

१९६४ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम स्कोफिल्ड यांनी थेरपिस्टना कसा रुग्ण आवडतो याचं वर्णन केलं : तरुण, देखणा, बोलका, हुशार आणि यशस्वी. या पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांनी ‘याव्हिस’ असा शब्द केला. यादीत पहिला शब्द ‘तरुण’ आहे, हे लक्षात घ्या. आम्हाला मदतीची सर्वांत जास्त गरज कोणाला आहे हे दिसत नव्हतं. कोणासोबत काम करायला बरं वाटतं, तेवढं दिसत होतं.

आणि मग १९६९. रॉबर्ट बटलर नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ. आजी-आजोबांनी वाढवलेले. वैद्यकीय शिक्षण घेताना शिक्षक म्हाताऱ्या रुग्णांबद्दल ज्या भाषेत बोलायचे, ते त्यांना खटकलं होतं. वॉशिंग्टनजवळ चेव्ही चेस भागात गरीब ज्येष्ठांसाठी एका इमारतीत घरं देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या सुखवस्तू रहिवाशांनी जोरदार विरोध केला. बटलर म्हणाले, वर्णभेद असतो, लिंगभेद असतो, तसाच हा वयाचा भेद आहे. त्याला त्यांनी ‘एजिझम’ हा शब्द दिला. आपण त्याला वयभेद म्हणू. पुढे १९७५ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या म्हातारपणावर पुस्तक लिहिलं आणि १९७६ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

बटलर यांचं आणखी एक काम आमच्या दृष्टीने मोलाचं आहे. म्हातारी माणसं जुन्या आठवणी सांगत बसतात, हे तेव्हा मन घसरत चालल्याचं लक्षण मानलं जायचं. १९६३ मध्ये बटलर यांनी लिहिलं की ही मनाची स्वाभाविक प्रक्रिया आहे. माणूस आपल्या आयुष्याचा हिशोब जुळवत असतो. घटना तीच, आठवणी त्याच. बघणाऱ्याची नजर बदलली आणि जे लक्षण होतं ते उपचाराचं साधन झालं. आज आठवणींवर आधारलेल्या उपचारपद्धती याच विचारातून उभ्या राहिल्या आहेत.

नजर उपचारात कुठे कुठे शिरते?

आता मुख्य प्रश्न. आमच्या डोक्यातला समज रुग्णाच्या उपचारापर्यंत पोचतो कसा? चार ठिकाणं सांगतो.

पहिलं ठिकाण दाराशी. ज्येष्ठ माणूस आमच्यापर्यंत येतच नाही. गुडघा, रक्तदाब, मधुमेह यासाठी तो डॉक्टरांकडे नियमित जातो. तिथे तो ‘उदास वाटतं’ असं सहसा म्हणत नाही. ‘अंगात ताकद नाही’, ‘छातीत भरून येतं’, ‘जेवण जात नाही’ असं म्हणतो. डॉक्टर म्हणतात, ‘वय झालंय काका, चालायचंच.’ आणि तो विषय तिथे संपतो.

भारतातली एक मोठी पाहणी आहे, ‘लासी’ या नावाने ओळखली जाते. २०१७-१८ मध्ये तिची पहिली फेरी झाली, पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा बहात्तर हजारांहून जास्त जणांची. त्यात साठीपुढच्या लोकांपैकी ८.३ टक्के लोकांमध्ये प्रश्नावलीवरून तीव्र नैराश्याची शक्यता दिसली. पण ‘तुम्हाला नैराश्य असल्याचं कोणी निदान केलंय का?’ याला हो म्हणणारे होते ०.८ टक्के. म्हणजे दहापट फरक. शंभर ज्येष्ठांमागे आठ जणांना त्रास, आणि त्यातल्या जेमतेम एकाला त्या त्रासाचं नाव माहीत.

हा सगळा फरक वयभेदामुळेच आहे असं आम्ही म्हणत नाही. तज्ज्ञ कमी आहेत, अंतर आहे, पैसा आहे, ‘लोक काय म्हणतील’ आहे. पण ‘म्हातारपणी उदास वाटणारच’ ही समजूत त्यात नक्की आहे. ती समजूत चुकीची आहे. दुःख होणं वेगळं आणि नैराश्य वेगळं. जोडीदार गेल्यावर रडू येतं, ते प्रेम आहे. पण महिनोन्‌महिने कशातच रस नाही, झोप नाही, स्वतःबद्दल तिटकारा वाटतोय, तर तो आजार आहे. आजार कुठल्याही वयात ‘चालायचंच’ नसतो.

दुसरं ठिकाण निदानाचं. साठीपुढचा माणूस ‘विसरतो’ म्हणाला की आमच्या डोक्यात एकच शब्द येतो : डिमेन्शिया. भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा मोठाच आहे, देशभरात जवळपास अठ्ठ्याऐंशी लाख माणसं होतात. पण याचा अर्थ असाही होतो की साठीपुढच्या दर शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना डिमेन्शिया नाही. विसरण्याची इतर कारणं कितीतरी आहेत. नैराश्यात लक्ष लागत नाही, म्हणून आठवत नाही. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी, कमी ऐकू येणं. मुळात ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? आणि दोन दिवसांत अचानक बरळायला लागलेला माणूस बहुतेक वेळा डिमेन्शियाचा नसतो. कुठला तरी संसर्ग, क्षार कमी होणं, औषधाचा परिणाम असं काहीतरी असतं आणि त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यावं लागतं. ‘वय झालंय’ म्हटलं की हे सगळे दरवाजे आपण न उघडताच बंद करतो.

काही प्रश्न तर आम्ही विचारतच नाही. दारू किती घेता? लैंगिक आयुष्याबद्दल काही अडचण आहे का? पंचविशीतली मानसतज्ज्ञ मुलगी सत्तरीच्या काकांना हे कसं विचारणार? ‘काका’ म्हटलं की पुढचे निम्मे प्रश्न गळून पडतात. आदर हा इथे अडसर होतो.

तिसरं ठिकाण उपचाराचं. मानसतज्ज्ञांना एकाच रुग्णाचं वर्णन फक्त वय बदलून द्यायचं आणि मत विचारायचं, असे अभ्यास परदेशात बरेच झाले आहेत. सगळ्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण त्यातल्या अनेकांत वयस्कर रुग्ण बरा होण्याची आशा कमी धरली गेली. काही अभ्यासांत शरीराच्या आजारांचा परिणाम वयापेक्षाही जास्त दिसला; रुग्ण म्हातारा आणि आजारी असेल तर तज्ज्ञ लवकर हात टेकतात. मग होतं काय, तर तरुणाला बोलण्याचा उपचार आणि म्हाताऱ्याला गोळी. तरुणाचं ध्येय ‘पुन्हा उभं राहणं’, म्हाताऱ्याचं ‘घरच्यांना त्रास न होणं’.

चौथं ठिकाण सर्वांत गंभीर आहे. २००० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोनशे पंधरा डॉक्टरांना एका रुग्णाचं वर्णन दिलं. रुग्ण नैराश्यात आहे, मनात आत्महत्येचे विचार आहेत. काही डॉक्टरांना सांगितलं की तो अडतीस वर्षांचा, नोकरी करणारा आहे. काहींना सांगितलं की अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, निवृत्त आहे. बाकी मजकूर तोच. डॉक्टरांनी नैराश्य दोन्हीकडे ओळखलं, धोकाही ओळखला. तरी म्हाताऱ्या रुग्णावर उपचार करण्याची त्यांची तयारी कमी होती, आणि त्याचे मरणाचे विचार त्यांना जास्त ‘समजण्यासारखे’ वाटले.

म्हणजे गोष्ट अज्ञानाची नव्हती. ओळखून सोडून देण्याची होती. हे डॉक्टर होते, मानसतज्ज्ञ नव्हते, असं म्हणून आम्हाला सुटता येणार नाही. घड्याळ नातवाला दिल्याचं ऐकून ‘छान’ म्हणणारे आम्हीच होतो. ज्येष्ठांच्या बाबतीत हे जास्त भयंकर यासाठी की त्यांचा प्रयत्न तरुणांच्या मानाने प्राणघातक ठरण्याची शक्यता जास्त असते. दुसरी संधी मिळेलच असं नाही.

समज खरा असता तर?

इथे कोणी विचारेल, पण म्हातारपणी मन खरंच बदलत नसेल तर? तज्ज्ञांनी आशा कमी धरली, यात चूक काय?

तर मग पुरावा बघू. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिएटलमध्ये सुरू केलेला अभ्यास अनेक दशकं चालला. एकाच माणसांची बुद्धी पुन्हा पुन्हा मोजली गेली. बहुतेक क्षमतांमध्ये साठीच्या आधी ठोस घसरण दिसली नाही. पुढे वेग कमी होतो, हे खरं. पण शब्दसंपत्ती, जमा झालेलं ज्ञान बराच काळ टिकतं, आणि माणसा-माणसांत फरक प्रचंड असतो. साठीला बुद्धी नाठी होत नाही; तिची चाल बदलते.

उपचाराचं काय? २००२ मध्ये अमेरिकेत ‘इम्पॅक्ट’ नावाचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. साठीपुढचे नैराश्य असलेले १८०१ रुग्ण. अर्ध्यांना नेहमीची सेवा. अर्ध्यांसाठी त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यातच एक प्रशिक्षित व्यक्ती, जी पाठपुरावा करते, औषध बघते, अडचणी सोडवण्याचा छोटा मानसोपचार देते. वर्षभराने दुसऱ्या गटातल्या ४५ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून कमी झाली. नेहमीच्या सेवेत हे प्रमाण १९ टक्के होतं.

आणि आपल्या शेजारचं उदाहरण. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढचे १८१ लोक, ज्यांना नैराश्याची सौम्य लक्षणं होती पण पूर्ण आजार झालेला नव्हता. त्यातल्या निम्म्यांना समुपदेशन मिळालं. देणारे मानसतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण घेतलेले स्थानिक, सामान्य समुपदेशक होते. त्यांनी काय केलं? समोरच्या अडचणी एकेक करून सोडवायला शिकवलं, झोपेच्या सवयी सुधारल्या, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यायची ते सांगितलं, सरकारी योजनांपर्यंत पोचायला मदत केली. वर्षभरात नेहमीची सेवा मिळालेल्या ९० पैकी १३ जणांना तीव्र नैराश्य आलं. समुपदेशन मिळालेल्या ९१ पैकी फक्त ४ जणांना.

गट लहान आहे, एकाच भागातला आहे, हे मान्य. पण फ्रॉइड ज्यांना वगळून मोकळे झाले होते, त्या वयाच्या माणसांनी आपल्या सवयी बदलल्या, नवं शिकून घेतलं आणि आजार टाळला. एवढं पुरेसं बोलकं आहे.

दोघांचं गुपचूप एकमत

अजून एक बाजू आहे. वयभेद फक्त तज्ज्ञाच्या डोक्यात नसतो, तो रुग्णाच्या डोक्यातही असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात ज्येष्ठांबद्दल असे पूर्वग्रह आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल बाळगलेला हा समज साठीनंतर आपल्यावरच उलटतो.

येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एका गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांची माहिती तपासली. स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारे लोक सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. नुसत्या विचाराने आयुष्य वाढतं, असा बाळबोध अर्थ यातून काढू नका. पण ‘आता काय उरलंय’ म्हणणारा माणूस औषध वेळेवर घेत नाही, फिरायला जात नाही, मदत मागत नाही, हे आम्ही रोज बघतो.

आता विचार करा, असा माणूस आमच्यासमोर बसलाय. तो म्हणतो, ‘आता या वयात काय बदलणार?’ आणि आम्हीही मनात म्हणतो, ‘खरंच, काय बदलणार?’ दोघांचं न बोलता एकमत होतं. आम्ही सहानुभूतीने मान हलवतो. ती मान हलवणं त्याला समजुतीचं वाटतं. खरं तर तो निकाल असतो.

आणि आमची स्वतःची भीती? ती तर आम्ही मोजतच नाही. समोरच्या माणसात आम्हाला आमचे आई-वडील दिसतात, ज्यांना आम्ही वेळ देऊ शकलो नाही. आमचं स्वतःचं उद्याचं म्हातारपण दिसतं. ते बघायचं नसतं, म्हणून भेट लवकर संपते.

मग करायचं काय?

वयाकडे बघायचंच नाही, हा उपाय नव्हे. तीही एक चूकच. ऐंशी वर्षांच्या माणसाला पंचविशीच्या मुलासारखं वागवलं तर त्याचे हाल होतील. वेग थोडा कमी ठेवायचा. गृहपाठ मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचा. ऐकू येतंय का ते आधी बघायचं, उजेडात आणि समोर बसायचं. सगळ्या औषधांची पिशवी घेऊन यायला सांगायचं. डॉक्टरांशी बोलायचं. पद्धत वयाप्रमाणे बदलायची, अपेक्षा मात्र खाली आणायची नाही.

आम्ही आमच्या कामात तीन साध्या सवयी लावून घेतल्या आहेत. एक : ज्येष्ठ रुग्णाशी आधी एकट्याने बोलायचं, नातेवाइकांशी नंतर आणि त्यांच्या परवानगीने. दोन : टिपण लिहून झालं की वयाच्या जागी पस्तीस घालून पुन्हा वाचायचं. तेव्हा जे विचारलं असतं, केलं असतं, ते सगळं केलंय का? तीन : जगण्याच्या इच्छेबद्दल प्रत्येकाला, कुठल्याही वयात, सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास सोडतो.

घरच्यांसाठी एवढंच. ‘वयामुळे’ हे उत्तर ऐकलं की विचारा, ‘वयाशिवाय दुसरं काय असू शकेल?’ दवाखान्यात त्यांच्या वतीने बोलू नका. आणि अचानक आलेली आवराआवर, वस्तू देऊन टाकणं, ‘तुम्हाला आता माझा त्रास नको’ असली वाक्यं, ही समजूतदारपणा म्हणून सोडून देऊ नका. शेजारी बसा आणि विचारा.

आणि इथे बसलेल्या, ऐकणाऱ्या ज्येष्ठांना सांगतो. तज्ज्ञाकडे गेलात आणि त्याने ‘या वयात असं होतंच’ म्हणून बोळवण केली, तर दुसऱ्याकडे जा. तो तुमचा हक्क आहे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ वर आहे. हे क्रमांक फोनमध्ये नको, फ्रिजवर लिहून ठेवा.

ते गृहस्थ

सुरुवातीच्या गृहस्थांकडे परत येऊ. आमच्या ‘छान’ नंतर तीन महिन्यांनी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचा फोन आला. वजन सात किलो कमी झालं होतं, तपासण्यांत काही सापडत नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना एकट्याला बसवून विचारलं होतं, ‘जगावंसं वाटतं का?’ आणि ते रडले होते. जो प्रश्न आमचा होता, तो त्यांनी विचारला.

मग ते पुन्हा आमच्याकडे आले. या वेळी मुलगा बाहेर बसला. पहिल्याच भेटीत कळलं की डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. मागच्या वेळी आमचे निम्मे प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. आम्ही त्याला ‘विसरणं’ समजलो होतो. औषध सुरू झालं, कानाचं यंत्र आलं, आणि आठवड्यातून एकदा बोलणं. रोज सकाळी दाढी करायची, गुरुवारच्या बाजाराला स्वतः जायचं, इतकी लहान सुरुवात. चौथ्या की पाचव्या भेटीत त्यांनी पत्नीच्या शेवटच्या रात्रीबद्दल पहिल्यांदा सांगितलं. दोन वर्षं ते कोणालाच बोलले नव्हते, कारण कोणी विचारलंच नव्हतं. साताठ महिन्यांनी ते बरे झाले. पत्नीच्या तिथीला आजही त्यांना जेवण जात नाही. ते दुःख आहे, आणि ते राहणार.

शेवटच्या भेटीत आम्ही त्यांची माफी मागितली, पहिल्या दिवशीच्या ‘छान’बद्दल. ते म्हणाले, ‘अहो, तुम्ही तसं म्हणालात तेव्हा मला वाटलं, चला, यांनाही पटतंय.’